फत्तेगंज, मंगळवार, साडेपाच

चर्चच्या मागची खोली. आधी इथं
घडीच्या खुर्च्या ठेवायचे.
युनिसबाईंनी बायबल मिटूनच ठेवलं,
विचारलं, "शेवटची नीट झोप कधी लागली, शमुवेल?"

तू पंख्याकडे पाहिलंस.
तुझ्या वतीनं उत्तर द्यायला मी तोंड उघडलं
(अकरा वर्षांची सवय)
बाईंनी नुसता हात वर केला.

बाहेर कुणाची तरी स्कूटर
किक मारमारून सुरू होईना.

मग तू म्हणालास, "फेब्रुवारीत."

फेब्रुवारीपासून मी रोज रात्री
तुझ्यासाठी प्रार्थना करत होते,
तुझ्याकडे पाठ करून.

परतताना सेव-उसळ घेतली, एकच प्लेट.
चिठ्ठीतल्या गोळ्या तुझ्या वरच्या खिशात.
"तिखट चालेल ना?" तू विचारलंस.

नाही, मी म्हणाले.
कधीच चालत नव्हतं.