नेढं

वारा येत होता, गारवा येत नव्हता.
तीन आठवडे माझी व्हॅन तोंडावर फुंकर घालत होती,
गरम कॉफीवर घालतात तशी.
आणि मेहिकालीत, जुलैत, उभं राहणं कुणाला चुकलंय?
सीमेच्या रांगेत दोन-दोन तास,
पुढच्या गाडीच्या मागच्या काचेत सूर्य,
शेजारच्या सीटवर आई,
मानेला ओला टॉवेल, हातात दवाखान्याची फाइल.
कुरकुर करायची थांबली
तेव्हा मी घाबरले.

नासारिओने बोनेट उघडलं.
सावलीतसुद्धा अठ्ठेचाळीस,
आणि तिथं, ॲल्युमिनियमच्या पाइपावर,
बोटभर जागेत
हिव धरलं होतं.
पांढरं, खरंखुरं हिव.
त्यानं त्यावर दोन बोटं ठेवली,
सुईण पोटावर ठेवते तशी:
"घोडं इथं पेंड खातंय."

गॅस आधी यंत्रात ओढून घेतला.
मग दोन पाने, एक धरायला, एक फिरवायला.
जोड सुटला. आतली नळी चिमट्यात धरली, ओढली,
आणि टक्.
अर्धी चिमट्यात, अर्धी आत.
त्यानं रंगाच्या डब्यावर बसलेल्या आईकडे पाहिलं
आणि शिवी गिळली.

ती काढायचं हत्यार समोरच्या एफ्राइनकडे,
एफ्राइनच्या कपाटाला कुलूप,
किल्ली खिशात घालून एफ्राइन तेकातेला, पुतण्याच्या बारशाला.

मग नासारिओने लांब स्क्रू लायटरवर तापवला,
आत सरकवला, प्लास्टिकात रुतवला
आणि घाम पुसत म्हणाला,
"आता हा गार होऊ दे."
गार होऊ दे!
तापल्या पत्र्याखाली आम्ही तिघं
एक स्क्रू गार व्हायची वाट बघत बसलो.
आईला हसू आलं.
त्या आठवड्यातलं पहिलं.

बाहेर आलं ते एवढंसं,
करंगळीपेक्षाही बारीक,
टोकाला जाळी, मधोमध नेढं,
दाभणाला असतं तेवढंच.
सगळा गारवा एवढ्यातून जातो?
जातो, म्हणाला तो. अडचणीतून गेला
तरच गार होतो, मोकळा सोडला तर नाही.

जाळीवर काळा चिखल. अंगठ्यावर घासून
त्यानं उन्हात धरला.
बारीक चकाकी.
"काँप्रेसर स्वतःलाच खातोय. हळूहळू.
हा उन्हाळा काढेल.
पुढच्याचं मी बोलत नाही."
मी आईकडे बघितलं नाही.

साठ पेसोची नवी नळी बसली.
रबरी कड्यांना तेलाचं बोट.
पंप पाऊण तास घुरघुरला,
काटा शून्याच्या खाली गेला, पंप बंद झाला.
"आता हा काटा हलता कामा नये," नासारिओ म्हणाला.

आजवर मी काही तरी हलावं म्हणूनच बसत आले.
रांग हलावी. खिडकीमागच्या साहेबाचा शिक्का हलावा.
डॉक्टरांचे ओठ.
काही होऊ नये म्हणून बसायची
ही पहिलीच वेळ.
कोपऱ्यावरच्या चिनी खानावळीतून आणलेले नूडल्स
लिंबू पिळून खाल्ले तिघांनी,
एकाच डब्यातून, काट्यावर नजर ठेवून.

काटा हलला नाही.

संध्याकाळी काचा बंद करून निघाले.
झडपेत खोचलेला थर्मामीटर बारा, नऊ, सात.
लोपेस मातेओस रस्त्यावर सिग्नल लाल झाला,
आणि मला वाटलं, राहू दे असाच.
शेजारी फाइल मांडीवरून घसरली होती,
टॉवेल डॅशबोर्डवर वाळत होता.
"ओफेलिया," आई म्हणाली,
"बारीक कर तो. गुडघे गारठले माझे.
आणि त्या माणसानं साठ पेसोच्या नळीचे
सहाशे कसे काय घेतले?"

मी एक टप्पा कमी केला.
ती बोलत राहिली.
सिग्नल कधी सुटला, मागच्यानं हॉर्न दिला तेव्हा कळलं.