बेचाळीस जोड

आमच्या दारात आज इतकी पादत्राणं आहेत
की कुरियरवाला दबकत म्हणाला,
घरात काही... झालंय का?
काही नाही रे बाबा. मी हैदराबादला चाललेय,
हे माझं सामान.

बेचाळीस जोड, आणि एकही माझ्या मापाचा नाही.
दीड गल्लीत शुक्रवारी पहाटे चारला
बॅटरीच्या उजेडात एकेक वाजवून घेतलेले.
इन्स्पेक्टरचे बूट, टाचा पार झिजलेल्या
(म्हणजे माणूस पायी फिरायचा, प्रामाणिक असावा,
हे मीच ठरवलं).
एका शेठची कोल्हापुरी:
ती करकरली की पडद्यावरचं सगळं घर गप्प होतं.
शाळकरी पोराचे बूट मी हातांत घालून चालवते.
पडद्यावर कुणीही चालो,
अंधारात, माईकसमोर, दीड फूट फरशीवर
मी चालत असते.

नागावकर काकांनी मालाडच्या तळघरात
अकरा वर्षं मला चालायला शिकवलं.
सॉलोमन नागावकर. नाव पडद्यावर कधी आलंच,
तर लोक खुर्च्या सोडून उठल्यावर.
पाऊल वाजवायच्या आधी वजन विचार, म्हणायचे.
जेवलाय का विचार.
उपाशी माणसाचा पाय आधी चवड्यावर पडतो.
खरंखोटं देव जाणे,
पण तसं केलं की दिग्दर्शक मान हलवायचे.

काका गेले. तळघरात आता जिम आहे.
धपाधप उड्या मारतात पोरं,
चांगले आवाज, फुकट वाया.

तिकडच्या स्टुडिओत म्हणे चौदा तऱ्हांच्या जमिनी आहेत,
शेणानं सारवलेलीसुद्धा.
पगार एक तारखेला. राहायला खोली.
तेलुगूतले चार शब्द पाठ केलेत:
पाणी, भात, हळू, चाल.
एवढ्यावर माझं भागायला हवं.

आई जुन्या परकराच्या नाड्यांनी जोड बांधतेय.
नवरीच्या सँडलला गाठ मारताना म्हणाली,
ही नांदली नसणार, टाच बघ कशी कोरी.
रेशनच्या पायऱ्यांवरून पडल्यापासून
तिचा उजवा पाय मागे राहतो.
टप्. मग एक लांब खर्रर.
कन्नमवार नगरातल्या या दीड खोलीत
मी ते बारा वर्षं ऐकतेय,
आणि एकदा, न विचारता, विकलंयसुद्धा.
सिनेमातली विधवा जमीनदारीण
रिकाम्या दिवाणखान्यातून चालत जाते,
तो आईचा पाय होता.
थिएटरात लोक नाक पुसत होते.
शेजारी आई, मांडीवर घरून नेलेला चिवडा,
एवढंच म्हणाली, बाई चालते छान.
मी अंधारात तोंड लपवलं.

आता खोका चिकटपट्टीनं बंद करणार
तोच तिनं पायातल्या स्लिपर काढल्या.
निळ्या, रबरी. उजवीच्या अंगठ्याशी सेफ्टी पिन.
ह्यापण घाल आत.
त्या जमीनदारणीसारखी
आणखी कुणी लागेल तुला चालायला.

मी नुसतीच बघत राहिले.
चिकटपट्टीचं टोक बोटाला चिकटलेलं.
मग तू काय घालशील? हे एवढंच सुचलं.
मला कुठे जायचंय, ती म्हणाली.
आणि पिन गंजलीये, सांभाळ, टोचेल.

ट्रॅव्हल्सवाला नगावर भाडं लावणार,
शीवला उद्या रात्री नऊची गाडी,
अजून रेतीचं पोतं शिवायचंय,
नारळाच्या करवंट्या पेपरात गुंडाळायच्यात
(घोडा तिकडेही लागेलच).

रात्री दोनला ती पाणी प्यायला उठली असावी.
माठावरचं झाकण वाजलं, पेला वाजला.
मी कान देऊन पडून होते.
पावलांचं काहीच ऐकू आलं नाही.
अनवाणी
ती इतकी हलकी असेल
हे मी कधी विचारलंच नव्हतं.