गिरवणे

दर बुधवारी सातला, प्रेस्टनमध्ये,
मेथडिस्ट चर्चच्या मागच्या हॉलात
मी हिरवा रंग चुकवतो.

"थेट ट्यूबमधून नको, मिस्टर रिसबूड," हिल्डा ऑर्मरॉड म्हणते,
"इथलं गवत एवढं खूश नसतं."
आणि माझ्या हिरव्यात चिमूटभर लाल कालवते.
गवत लगेच लँकेशायरचं होतं.

समोर टेकवलेलं छापील चित्र:
शेतात सलगम उपटणाऱ्या तीन बायका, एक पोरगा,
एक घोडा. पाठमोरा आहे, देवाची कृपा.
सव्वाशे वर्षांपूर्वी कुणीतरी
गारठ्यात उभं राहून काढलेलं.
मूळ चित्र इथल्याच गॅलरीत असतं,
जिन्याच्या वळणावर, जिथे कुणी थांबत नाही.

आधी चौकटी आखल्या. मग पातळ तपकिरी.
मग पातळावर जाड; उलटं केलंत तर तडकेल, ती बजावते.
स्वयंपाकासारखंच, फक्त इथे घाई केली
की करपत नाही, चिखल होतो.

पाटीवर अ गिरवताना
तो अ कुणाचा, असं मी कधी विचारलं नव्हतं.
ही पाठ कुणाची,
हे मात्र तिसऱ्या बुधवारपासून विचारतो आहे.

एकतीस वर्षं मी दात बनवले.
डीपडेल रोडच्या लॅबमध्ये, उत्तरेच्या खिडकीशी,
कधीच न पाहिलेल्या माणसांचे.
चिठ्ठीवर फक्त छटेचा नंबर: ए-दोन, बी-तीन.
पांढरा असा रंगच नसतो,
हे मला ब्रश धरण्याआधीपासून ठाऊक.
तोंडं मात्र माझ्याकडे कधी आली नाहीत.

मधली बाई.
ती वाकलेली नाही, नुकती ताठ झालीय,
एक हात कमरेवर, ओठ मिटलेले.
तिथे अडलो. तीन आठवडे.
काढला, टर्पेंटाइननं पुसला, काढला.
मग एकदा, डावीकडे,
वरचा ओठ किंचित आत घेतला,
खालची काठी काढलेल्या कापडासारखा,
आणि बाई ओळखीची झाली.

सुळ्याशेजारचा नाही. कदाचित दोन.
पहिल्या बाळंतपणात गेला असेल.
म्हणून फोटोत हसायचं नाही, चित्रातही.

हिल्डा चष्मा कपाळावर सारून वाकते.
"हे मुळात नाहीये."
"आहे," मी म्हणतो,
आणि माझ्याच आवाजानं दचकतो.

शनिवारी गेलो. जिन्याच्या वळणावर
काचेला नाक टेकेपर्यंत पुढे.
ओठाच्या जागी एकच फटकारा,
राखट गुलाबी, तांदळाएवढा.
आत गेलेला? की वॉर्निशची सुरकुती?
मागे सरलो तर बाई स्पष्ट,
पुढे झालो तर नुसता रंग.
"सॉरी, लव्ह," कुणीतरी म्हणालं, बाबागाडी घेऊन.
मी वाट दिली.

कॅनव्हास अजून ओला आहे.
ओठ तसाच ठेवलाय.
या बुधवारी सलगम करायचे.
सलगमही पांढरे नसतात.