पेव

वाचनालयाच्या अभ्यासिकेत माझी खुर्ची खिडकीशी.
बाहेर सांगलीचं ऊन, टेम्पोवरच्या पोत्यांतून सांडणारा हळदीचा वास,
आत गाईड, पान दोनशे बारा:
'जगातील पहिल्या महिला'.
अंतराळात गेलेली पहिली. आधी गिरणीत काम करायची ती,
हे मी समासात लिहून ठेवलंय, परीक्षेत विचारत नाहीत.
पुरुषाचे कपडे घालून जहाजावर चढलेली एक,
झाडपाला गोळा करत अख्ख्या पृथ्वीला फेरी मारून आलेली.
शिखरावर, ध्रुवावर, पंतप्रधानाच्या खुर्चीत.
नाव, देश, साल. नाव, देश, साल.
साल माझ्या डोक्यात राहत नाही.

म्हणून रविवारी हरिपूर. बायडाक्का,
आमच्या आईच्या नात्यातली, लांबची.
संगमाच्या अलीकडे पत्र्याची खोली, दारात शेवगा.
तिच्यासमोर मोठ्यानं म्हटलं की पाठ होतं.
ती ज्वारी निवडते, मधूनच 'हूं' म्हणते.

'पहिली म्हंजी गं?'
म्हणजे तिच्याआधी तिथं कुणी बाई गेली नव्हती.
तिनं खडा उचलून अंगणात भिरकावला.
'मग पेवात मी.'

पेव म्हणजे जमिनीच्या पोटातलं हळदीचं कोठार.
तोंड एक माणूस जेमतेम उतरेल एवढं,
खाली वीस-पंचवीस फूट, रांजणासारखं फुगत गेलेलं.
त्या साली भाव एकाएकी चढला
आणि हमाल सगळे जोतिबाला गेलेले.
बायका वर पोती शिवायच्या, निम्म्या मजुरीवर.
अडत्या मगदूम कपाळाला हात लावून बसला होता.

कंदील सोडला दोरानं. दहा हातांवर विझला.
बायडाक्कानं कडुनिंबाचा डहाळा बांधला त्याच दोराला
आणि पोहरा शेंदावा तसा वर-खाली, वर-खाली,
ऊन पाठीवरून डोक्यावर येईपर्यंत.
कंदील परत सोडला. या वेळी जळत राहिला.
मग तिनं काष्टा घातला.

भीती नाही वाटली?
'वाटली की. पर कुनी बघत न्हाई म्हून बरं बी वाटलं.'

सहा पोती वर आली.
सातव्या खेपेला दोर हलकाच आला.
वरून हाका. खालून आवाज:
'गड्याची मजुरी देनार का न्हाई?'
पेवात आवाज घुमतो.
लोकांना वाटलं, जमीनच मजुरी मागतीय.
मगदूम पाऊणवर आला.
ती तिथंच हळदीवर बसून राहिली,
वर भाकरीएवढं आभाळ, त्यात वाकलेली डोकी.
दोर दुसऱ्यांदा रिकामा आला तेव्हा तो कबूल झाला.

संध्याकाळी ती वर आली
तेव्हा केसांपासून टाचेपर्यंत पिवळी होती.
नवरा जाऊन तीन वर्षं झालेली तेव्हा.
लग्नाघरी जिला कुणी हळदीचं बोट लावलं नसतं,
तिच्या पापण्यांवरसुद्धा हळद.
कुणी हसलं नाही. सासूनं तोंड फिरवलं.
'आंगूळ मी दुसऱ्या दिशी केली,'
बायडाक्का म्हणते, आणि ज्वारी पाखडायला घेते.

साल कुठलं?
'धाकट्याला दात येत हुतं.'

पाच सालच्या पुरात पेवांत पाणी शिरलं.
तिचं पेव बुजवलं, तिथं आता प्लॉट पाडलेत.
ती मला घेऊन गेली एकदा, अनवाणी,
चुन्याच्या रेघा ओलांडत, टाच आपटत.
'हितं कुठंतरी. ऐक की, पोकळ वाजतंय.'
मला काही ऐकू आलं नाही.
मी 'हूं' म्हटलं.

परतताना ती बराच वेळ गप्प होती.
मग रिक्षा थांब्यापाशी माझं कोपर धरून, हळूच:
'ती जहाजावरची.
एवढी वरसं गड्यांच्यात ऱ्हायली.
महिन्याच्या महिन्याला काय करत असंल गं?
धडपं कुठं वाळत घालत असंल?'

गाईड पिशवीत होतं. मी काढलं नाही.