काहीच उमटत नाही

"हा संगणक आता पात्र नाही,"
पडदा म्हणाला. निवृत्तीच्या दिवशी शाळेत
मलाही जवळजवळ असंच सांगितलं होतं.

काल रात्री, कुताइसीत वीज टिकली होती तोवर,
खालच्या मजल्यावरच्या तेंगिझने दिलेला
पेन ड्राइव्ह लावला.
"सगळं पुसू?" त्याने विचारलं.
पुसण्याआधी कुणी विचारतं,
हेच मला नवीन.

बारा वर्षं मी "मान्य आहे" दाबत आले,
काय मान्य आहे ते न वाचता.
ओतारचे फोटो तेवढे आधी काढून ठेवले,
आणि वीज कंपनीला लिहिलेलं
त्याचं अर्धवट तक्रारपत्र.

वायफाय नाही. प्रिंटर रुसलेला.
आलुबुखारच्या चटणीच्या बाटल्यांमागून
केबल ओढत आणली टेबलापर्यंत.
मग काळी खिडकी. पासवर्ड मागते.
टाइप करते, तर काहीच उमटत नाही,
साधा ठिपकासुद्धा नाही.
कीबोर्ड गेला म्हटलं.

तेंगिझ जिन्यातून ओरडला,
"दिसणार नाही, काकू! पण पोचतंय त्याला.
लिहीत राहा."

ओतार गेल्यापासून रोज रात्री
मी असंच तर बोलते.

एंटर दाबलं.
प्रिंटरचं उद्या बघू.