सहाला अकरा

मगदूम मॅडम म्हणतात, नाव लांब आहे, तू नुसतं 'प्रा' म्हण.
प्रासिओडिमियम.
बाटलीची चिठ्ठी मी तीनदा लिहिली,
तिन्ही वेळा एक वेलांटी जास्त पडली.
दुर्मिळ म्हणतात, पण दुर्मिळ कसला,
कल्हईच्या कथलापेक्षा जास्त आहे जमिनीत,
फक्त एका जागी बसत नाही.

सकाळी भट्टीत ठेवली तेव्हा पूड फिकट पोपटी होती.
आठशे अंश. खिडकीबाहेर विश्रामबागची दुपार, तीही साधारण तेवढीच.
काढली तर काळी,
कारळ्याच्या चटणीसारखी.
हवा प्यायली, मॅडम म्हणाल्या.
सहा धातूचे, अकरा हवेचे.

मी वहीत भाग मांडून पाहिला. जात नाही.
मग त्यांनी फोड करून दाखवली:
चौघांनी चार-चार दिले,
दोघांनी तीन-तीनच,
आणि तरी घर एकच.
आमच्याकडं वाटणीत असं कधी जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी तीच पूड नळीत,
वरून हायड्रोजन.
संध्याकाळी ती हिरवी झाली,
कैरीच्या सालीच्या आतल्या बाजूसारखी,
आणि नळीच्या गार टोकाला
पाण्याचे चार थेंब.
प्यालेली हवा अशी परत आली.

अण्णा हरिपूरला पेवात उतरायचे.
तोंडावरची माती काढायची,
रात्रभर पेव उघडं ठेवायचं,
मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा.
ज्योत टिकली तर माणूस.
खाली हळद वर्षानुवर्षं पिवळी,
कारण तिथं हवेला शिरकाव नाही.
एकदा ट्रक उभा होता, व्यापारी ओरडत होता,
कंदील सोडलाच नाही कुणी.
शिदगोंडाला अण्णा 'मेला' म्हणत नाहीत.
'खालीच राहिला' म्हणतात.

परवा दोन छोट्या बाटल्या घरी आणल्या,
मॅडमना विचारून.
एकीत काळी, एकीत हिरवी.
एकाच धातूच्या, मी सांगितलं,
एकीनं हवा घेतली, एकीची काढून घेतली.
अण्णांनी दोन्ही उजेडात धरल्या.
नखात अजून हळद आहे त्यांच्या,
वीस वर्षं झाली काम सोडून.
"ह्यातली जिवंत कुठली?"

मला सांगता येईना.
त्यांनी हिरवीचं बूच काढलं
आणि बाटली ओट्यावर ठेवून दिली.
मी म्हटलं, अण्णा, लावा बूच, बिघडंल ती.
लगेच वाकायचं नसतं, ते म्हणाले,
उघडल्यावर
जरा थांबायचं असतं.