रिकाम्या पेट्या

क्लिओथा मेब्रीच्या पेट्या मी एकोणीस वर्षं उचलल्या.
डेट्रॉइटची थंडी, क्लबचं मागचं दार,
एकेका पेटीत ऐंशी-नव्वद रेकॉर्डी,
कमरेत उसण भरावी असं वजन.
गेल्या जानेवारीत पेटी उचलली
आणि तोलच गेला माझा.
हलकी!

आत नुसती कव्हरं.
कोपरे झिजलेले, किमतीच्या चिठ्ठ्या अजून चिकटलेल्या,
पोटात काही नाही.

"खांदा गेला रे," तो म्हणाला.
"रेकॉर्डी पुतणीच्या तळघरात आहेत, कोरड्या.
तू मात्र कण्हत उचल, पूर्वीसारखा."

मी कण्हलो.

टेबलाखाली, टॉवेलआड लॅपटॉप.
वर दोनच तबकड्या, रात्रभर त्याच.
त्यांच्यात गाणं नाही, फक्त एक बारीक शिट्टी,
यंत्राला कळावी अशी खूण.
आणि समोर दाढीवाली पोरं डोळे मिटून
एकमेकांना सांगायची,
ही ऊब व्हायनिलशिवाय नाही.

नुसैबाला कळलं.
हॅमट्रॅमिकची, बावीस वर्षांची,
किल्ल्यांच्या जुडग्यात एक पेनड्राइव्ह, त्यात नऊ हजार गाणी.
"सगळे डोळे मिटून ऐकतात," ती म्हणाली,
"मी उघडे ठेवले.
रात्रभर एकच लेबल फिरतंय."

आता ही गावभर करणार, मला वाटलं.
पण तिनं विचारलं वेगळंच:
"तीन वाजता ते थांबले का?
दोन्ही ठेके जुळले होते. तरी चार मात्रा थांबले."

ते मी पाहिलं होतं.
खांबाजवळ हिरव्या स्वेटरातली एक बाई
वाकून बुटाची नाडी बांधत होती.
मेब्रीचं लक्ष तिच्या बोटांवर.
तिनं गाठ मारली, उठली,
आणि तेव्हा त्यानं ठेका सोडला,
समेवर ती, तिच्यामागे अख्खी खोली.

नुसैबा काही बोलली नाही.
अंगठ्यानं पेनड्राइव्ह घासत राहिली.

पुढच्या शनिवारी पहिला तास तिचा.
जुळवणीच्या बटणावर तिनं काळी चिकटपट्टी लावली
आणि तीनदा घसरली.
दोन ठेके एकमेकांच्या पायांत,
जिन्यावरून बूट गडगडत यावेत तसे.
बारवाल्यानंही मान वर केली.

मेब्री खांदा चोळत जवळ गेला.
"पट्टी काढ. जुळवू दे त्याला.
तू लोकांच्या नाड्या बघ."

पहाटे पेट्या मीच उचलल्या.
कण्हलो, जरा जास्तच.
नुसैबा बघत होती.